फुगल्या बॅटरीचा दिवस

माहं माहेर रामटेककडचं, बाप धान लावे, आमी चिखलातच मोठे झालो. लगन होऊन नागपुरात आली. आमचे हे ई-रिक्षा चालवतेत, धंतोलीत दवाखान्याचे पेशंट ने-आन करतेत. शिक्षन माहं आठवी, अन् आज मी बॅटरीच्या वर्कशापात काम करून राहिली, आता हे कसं झालं, काय सांगू तुमाले.

आपल्या इथचा उन्हाळा तुमाले माहीतच हाय, माठाले ओलं फडकं, खिडकीले कूलर. मंग ह्याइनं काय केलं, रिक्षाच्या बॅटरीलेबी ओलं पोतं बांधलं. बिचारी तापते म्हने. मी म्हनलं, अवो, थे का माठ हाय? तर हसले. रिक्षावाले सारेच बांधत जी तवा. पानी झिरपलं अंदर अन् बॅटरी फुगली पुरीवानी. अन् चार्जिंगले ठेवत कुठं, तर आमच्या एकाच खोलीत, माही पोट्टी झोपे तिथंच. हे म्हनत, बॅटरीच्या दोनी टोकाले तार लावतो, ठिनग्या निघाल्या का रिकामी होते, मंग खोलतो. मी आडवीच आली. म्हनलं, आधी माह्या हाताले लावा थे तार!

बॅटरी आंगनात ठेवली अन् ह्याइच्या वळखीच्या कळमन्याच्या ताईले फोन लावला, त्याइचं बॅटरी दुरुस्तीचं काम. ताई म्हने, हलवू नका, मीच येते. आल्या, बॅटरीभोवती रेती टाकली, अन् एक मशीन जोडलं. थे मशीन सलाईनवानी, आपन सांगतलं तेवढाच करंट काढते, न कमी न जास्त, अन् हद्द आली का सोताच थांबते. काई लोक बल्ब लावून बॅटरी रिकामी करतेत, पन त्याले थांबाचं कुठं कळते? ताई दिवसभर उन्हात बसल्या. बॅटरी जराशी तापली का करंट अजून कमी करत. मी बाजूलेच, च्या देऊन राहिली अन् पाहून राहिली.

रिकामी झाल्यावर खोलली, तर अंदर सारं गंजलेलं, दोन पट्ट्या एकमेकीले टेकाले आलेल्या. ताई म्हने, भरलेली असताना तार लागली असती न भाऊ, तर खोलीच पेटली असती. ह्याइचं तोंड उतरलं. ताईच्या पाया पडाले वाकले. ताई म्हने, माह्या काहाले, वहिनीच्या पडा!

मंग मलेच म्हने, दिवसभर हटली नाई तू, येते का कामाले? तवापासून हाय मी ताईच्या वर्कशापात. रिकामी केल्याबिगर बॅटरी खोलाची नाई, हे मले ताईनं शिकवलं. त्याइले उदंड आयुष्य भेटो बापा, मी गरीब अजून काय देऊ?

संध्याकाळी घरी गेली का पोट्टी त्याच खोलीत अभ्यास करून राहिली दिसते. मी दारातच उभी राहते. ती म्हनते, अशी काहून पाहून राहिली वं आई? मी म्हनते, काई नाई, जेवली का?