टेलरकाकांच्या पिंपात अळ्या नव्हत्या

मी, वय ४४ वर्षे, व्यवसाय आरोग्य केंद्रात घरभेट कर्मचारी, राहणार केंद्रामागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक सहा, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, लोक मला डासताई म्हणतात. खऱ्या नावाने चौकशी केलीत तर गल्लीत कोणी ओळखणार नाही, म्हणून तेच लिहावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो माझा धाकटा सख्खा भाऊ. तक्रार देणारे टेलरकाका त्याच्या समोरच्या घरात राहतात आणि तिथेच शिवणकाम करतात.

माझ्याकडे त्या गल्लीतील बेचाळीस घरे आहेत. दर सोमवारी घरात जायचे, साठवलेल्या पाण्यात टॉर्च मारून डासांच्या अळ्या बघायच्या, सापडल्या तर पाणी ओतून भांडे घासायला लावायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. अकरा वर्षे हेच करते. लोक टाळतात. एका आजोबांनी तर घरात कोणी नाही असे आतून स्वतःच ओरडून सांगितले होते.

टेलरकाका टाळत नाहीत. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून त्यांच्याकडे दोन पिंपे आहेत. त्यांवर त्यांनीच इलॅस्टिक लावून शिवलेले कापड घट्ट बसवलेले असते. गेल्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी दोन्ही पिंपे तळापर्यंत बघितली. पाणी स्वच्छ होते.

भावाच्या घरी मात्र मी पाच आठवडे काहीच बघितले नाही. वहिनी नाकावर माशी बसू देत नाही, तिथे डास काय बसणार, असे मीच गमतीने म्हणायची. खुर्चीत बसायचे, भाचीच्या वहीतली चित्रे बघायची, चहा प्यायचा आणि वहिनीने खिळ्यावरून काढून आणलेल्या कार्डावर सही करायची. एकदा दोन आठवड्यांच्या सह्या एकदम केल्या. गल्लीला शहाणपण शिकवणारीचा हा दिव्याखाली अंधार.

शनिवारी भाचीला ताप आला. तिचे वय नऊ वर्षे. बुधवारी सकाळी डेंग्यूचा अहवाल आला आणि तिला दवाखान्यात ठेवले. अशा वेळी आजूबाजूची सगळी घरे त्याच दिवशी तपासायची असतात, म्हणून मी दहाच्या सुमारास गल्लीत गेले. तेव्हा टेलरकाकांची पिंपे रस्त्यावर उपडी पडली होती आणि भाऊ त्यांच्या दारात उभा होता. मला पाहून तो म्हणाला, “ताई, तूच सांग. याच्या पिंपात अळ्या होत्या की नाही?”

टेलरकाकाही माझ्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही. भावाने त्याचा अर्थ हो असा घेतला. त्याने कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलून काकांच्या उजव्या मनगटावर दोनदा मारली. हाड मोडले आहे. त्यांचे पोट त्याच हातावर आहे.

दुपारी आरोग्य निरीक्षक आले. भावाच्या घरी फ्रीजमागचा ट्रे ओढला, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. टॉर्च मीच धरला होता. भाचीला कुठला डास चावला हे कोणीच सांगू शकत नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली एवढे मला कळते. काकांच्या पिंपांतले पाणी वाहून गेले, त्यामुळे आता त्याबद्दल फक्त माझा शब्द उरला आहे.

हे भावालाही ठाऊक आहे. काल संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. “सोमवारी अळ्या होत्या, एवढंच म्हण. तुझी नोकरी राहील. मी आत गेलो तर पोरीजवळ कोण बसेल?” असे म्हणाला. मला त्याची दया आली आणि रागही आला. मी त्याला जेवायला वाढले आणि नाही म्हणून सांगितले. ताट सरकवून तो उठला. माझ्यासाठी त्याचे दार बंद, असे सांगून गेला. भाचीचा ताप उतरल्याचे आज मला नर्सकडून कळले, वहिनीकडून नाही.

टेलरकाकांच्या पिंपात अळ्या नव्हत्या. भावाच्या घरातील कार्ड निरीक्षकांनी ठाण्यात दिले आहे. त्यावरील शेवटच्या पाच सह्या माझ्या आहेत आणि त्या खोट्या आहेत.

भावाने विचारले तेव्हाच मी नव्हत्या असे म्हटले असते, तर त्याने पट्टी उचलली नसती. पण मग कुठे होत्या, हा पुढचा प्रश्न आला असता, म्हणून मी गप्प बसले. हेही जबाबात घ्या असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, “बाई, गप्प बसण्याला कलम नाही.” मी म्हटले, तरी लिहा.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, बरोबर आहे. त्यातले काही कमी करायचे नाही.