वाढणाऱ्यांच्या बाजूला

हॅलो?… हॅलो, चिमणे?… हो, हो, मीच केले होते ते सहा फोन… सात? असतील सात. सातवा खिशातून लागला असेल.

नाही गं, काही झालेलं नाही… पडलोबिडलो नाही. गुडघे जिथल्या तिथे आहेत. अगं, ऐक ना… तू आधी सांग, मीटिंगमधून बाहेर आलीस का?… जिन्यात उभी आहेस? मग बस. पायरीवर बस आधी.

बसलीस?… आज मी वाढलं.

वाढलं म्हणजे सूप वाढलं, दुसरं काय. गरजूंना फुकट जेवण देतात त्या जेवणघरात. एप्रन घालून, डोक्याला ती जाळीची टोपी लावून, काउंटरच्या पलीकडे उभा राहून. एकशे बासष्ट माणसं. माझा हात अजून वर होत नाहीये, फोन डाव्या हातात धरलाय… दुखतोय, पण दुखू दे. मजा आली गं. तुला सांगतो, तुझ्या आईशी लग्न ठरलं त्या दिवशी असं झालं होतं, त्यानंतर आज.

काय?… रोजच वाढतो?… हो… म्हणजे… तसं तुला सांगितलं होतं खरं.

हॅलो? हॅलो… आवाज तुटतोय का गं?… तुझाच तुटतोय… नाही तुटत?… बरं. नाही तुटत.

झालं. उघडं पडलं माझं पितळ, आणि तेही माझ्याच तोंडाने. आता ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता यायचं नाही.

मी तिथे मदतीला जात नव्हतो. जेवायला जात होतो.

…आहेस ना?… हॅलो?

नाही गं, पेन्शन येतं की वेळेवर. घरात सगळं भरलेलं आहे, तू पाठवलेला तो मोठा खोका तर अजून फोडलेलासुद्धा नाही. तसं नाही. एकट्याला घास उतरत नव्हता. ताट घ्यायचो, टेबलावर बसायचो, समोरच्या खुर्चीकडे बघायचो आणि ताट परत झाकून ठेवायचो. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच… तुला काय सांगणार? तुझी आई गेली, मला जेवता येत नाही, असं फोनवर सांगायचं? तू तिकडे आणखी रडली असतीस.

अगं, ठरवून नाही गेलो. आईचं ते दोन कड्यांचं मोठं पातेलं आठवतंय? मला त्याचा काय उपयोग, म्हटलं त्यांना देऊन टाकावं. गेलो घेऊन. बाहेर रांग होती. मला वाटलं, वस्तू द्यायची रांग. आपण कशाला घुसायचं, राहिलो उभा. पुढे सरकत सरकत काउंटरपाशी आलो, तर तिथल्या बाईंनी पातेलं माझ्या हातातून घेतलं, बाजूला ठेवलं आणि हातात ट्रे दिला. सूप, पाव आणि एक सफरचंद. मागे पन्नास माणसं. तिथे भाषण करत बसू का, की बाई, मी दाता आहे म्हणून?… बसलो जाऊन एका टेबलाला. शेजारी एक गवंडी होता, तो पाव बुडवून खात होता. मीही बुडवला. आणि बघतो तर वाडगं रिकामं.

त्या रात्री तू विचारलंस, दुपारी कुठे होतात? मी म्हटलं, जेवणघरात गेलो होतो, पातेलं द्यायला. तूच म्हणालीस, अय्या बाबा, मदत करता तिथे, किती छान. तू इतकी खूश झालीस की माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

हो, नंतर सांगता आलं असतं. मान्य… मान्य आहे गं. पण नंतर तू ते सगळ्या गावाला सांगितलंस. तुझ्या सासूबाईंनी माझा दाखला देऊन तुझ्या सासऱ्यांना सोफ्यावरून उठवलं, बिचारे रोज बागेतली पानं गोळा करतात. मी कुठल्या तोंडाने सांगू?

रागावलीस?… रागाव. पण आधी आजचं ऐक, मग एकदमच रागाव.

आज पावणेबाराला मी रांगेत. नेहमीचीच जागा, भिंतीच्या कडेला. आत गडबड चाललेली. ज्या मावशी सूप वाढतात त्यांचा पाय सकाळी पायरीवरून घसरला, घोटा हा एवढा सुजलाय. आणि ज्या ऑफिसातून दहा जण मदतीला येणार होते, त्यांनी ऐनवेळी कळवलं, जमत नाही. मुख्य बाई बाहेर आल्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणतात, शाळेशी काही संबंध नाही, आवाजामुळे म्हणतात. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि बोट केलं. माझ्याकडे. म्हणाल्या, काका, तुम्ही जरा आत या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. म्हटलं, कळलं यांना. कुणीतरी सांगितलं, या म्हाताऱ्याला पेन्शन आहे, घर आहे, मुलगी चांगली नोकरी करते, आणि हा बसतो फुकटचं खात. आता सगळ्यांसमोर काढणार मला.

आत गेलो. मान खाली. मी म्हटलं, बाई, चुकलं माझं, उद्यापासून येत नाही. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, उद्याचं उद्या बघू, आज तुमचा हात थरथरतो का ते सांगा.

हात? मी म्हटलं, बाई, छत्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषध बाटलीत ओतताना एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. त्या म्हणाल्या, मग धुवा हात.

अगं, माझी तर छाती गजभर फुगली. एप्रन मागून बांधता येईना, गाठच बसेना. कांदे चिरणाऱ्या मुलीने बांधून दिला. आणि पळी केवढी माहितीये? तुझ्या लहानपणीचा तो अंघोळीचा तांब्या आठव. तेवढी.

दार उघडलं. पहिला माणूस आला. मी वाडगं भरलं, त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, हलवून घ्या.

…हो, हलवून घ्या म्हणालो. हसू नकोस. छत्तीस वर्षांची सवय. त्याला वाटलं, सुपात औषध घातलंय. तो विचारतो, कशावरचं आहे? मागचे सगळे हसायला लागले. दुसऱ्याला दिवसातून तीनदा म्हणणार होतो, जीभ चावली.

आणि मग आमचं टेबल आलं… आमचं म्हणजे मी ज्यांच्यात बसतो ते. गवंडी पुढे. मला बघून ट्रे घेऊन तसाच उभा. म्हणाला, बढती मिळाली वाटतं. त्याच्यामागे त्या दोघी बहिणी, त्यांनी तर हातच मिळवला माझ्याशी, सूप सांडत होतं तरी. आणि त्यांच्यामागे मौनीबाबा.

सांगितलं नव्हतं का तुला त्याच्याबद्दल?… बरोबर, कसं सांगणार. आमच्याच टेबलावर बसतो, कोपऱ्याच्या खुर्चीत. आठ महिन्यांत एक शब्द नाही. मीठ हवं असलं तर बोट दाखवतो. आम्हाला वाटायचं त्याला बोलता येत नसेल. तर तो आला, मी पळी घातली, वाडगं भरलं. त्याने वाडग्यात बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, “खालून वाढा.”

अगं, काय म्हणजे काय? सूप वरवर पाणी असतं. बटाटा, गाजर, कडधान्य सगळं तळाशी बसतं. वाढणारा घाईत असला की वरवरची पळी मारतो, आणि रांगेतल्याच्या वाटणीला गरम पाणी येतं. आठ महिने मी स्वतः त्या टेबलावर बसून हीच कुरकुर केली, की या वाढणाऱ्यांना कधी कळणार. आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन मला दहा मिनिटं झाली नाहीत, तर मीही तेच करत होतो. मला अशी लाज वाटली म्हणून सांगू. त्याचं वाडगं परत घेतलं, पळी तळाला टेकवली, ढवळलं आणि भरून दिलं. मग शेवटपर्यंत प्रत्येकाला तसंच. म्हणून तर हात दुखतोय. ज्यांना आधी पाणी वाढलं होतं, त्यांच्या टेबलांवर नंतर भांडं घेऊन स्वतः गेलो.

हेडबाई लांबून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगून थकले, तुम्हाला कुणी शिकवलं? मी मौनीबाबाकडे बोट केलं. तो परत मुका.

आणि चिमणे, तिथे भिंतीवर फळा आहे, कुणी काय करायचं त्याचा. त्यावर माझं नाव लिहिलं त्यांनी. म्हणजे नाव कुठे माहीत त्यांना, ‘काका’ असं लिहिलं. उद्या सकाळी नऊ, गाजरं सोलायची, मग वाढायचं. आणि मला म्हणाल्या, वेळेवर या. अगं, वेळेवर या, असं मला कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील.

…काय?… कधी, या रविवारी?… गाडी घेऊन?… कुणाला न्यायला?

नाही. हे बघ… नाही, तू ऐक ना. खोली तयार आहे, माहितीये मला. उजेडाची आहे, तेही माहितीये. जावईबापू सोन्यासारखा माणूस आहे. पण तुम्ही दोघं साडेआठला बाहेर पडणार ते सातला येणार. मी दिवसभर त्या उजेडाच्या खोलीत काय करू? तिकडेही ताट झाकूनच ठेवीन ना… असं कसं बोलता म्हणजे? खरं आहे तेच बोलतोय आज पहिल्यांदा. आजवर तुला नको म्हणायला मी तेच कारण सांगत होतो, तिथे कामं असतात माझी. ते खोटं होतं. आज ते खरं झालं, आणि आजच तू मला उचलून न्यायचं म्हणतेस?

…अगं, रडू नकोस. तुझ्यापासून लपवलं हे वाईटच केलं… हो… हो, शपथ. इथून पुढे नाही. काय असेल ते तुलाच आधी… जेवण गेलं नाही तरी सांगेन, गेलं तरी सांगेन. झालं?

मग ये ना रविवारी. न्यायला नको, नुसतीच ये. चार दिवस राहा. तुलाही जाळीची टोपी देतील… शोभेल गं तुला.

काय म्हणालीस?… सूप कसं लागलं?… मस्त झालं होतं की. गाजर जरा कच्चं होतं म्हणे, पण चवीला…

म्हणे म्हणजे… गवंडी म्हणाला तसं.

मी?… मी कधी खाल्लं विचारतेस?… थांब हं. दार बंद झालं दीडला. मग भांडी आली. मग टेबलं पुसली. मग मावशींना रिक्षापर्यंत सोडलं. मग घरी आलो आणि तुला फोन लावायला बसलो…

चिमणे… आज मी जेवलोच नाही गं. आठ महिने जेवायला म्हणून गेलो, आणि आज तिथे जेवायचंच विसरलो.

…हॅलो? हसतेयस की रडतेयस, एक काहीतरी ठरव बघू… दोन्ही? बरं, दोन्ही कर.

नाही, आता नाही बोलत. साडेचार वाजले… हो, घेतो काहीतरी, लगेच घेतो… ठेव आता. अगं, ठेव म्हणतो ना, मला कडकडून भूक लागलीय.