हवा काढायची राहिली

या, पुढे सरकून बसा. मावशी, वाती नंतर वळा! आज एकच प्रश्न आहे — चूक झाली, आणि त्या चुकीतूनच काम फत्ते झालं, तर चूक सांगावी की गिळून टाकावी?

ऐका तर! माझी भाची शर्वाणी पुण्याला रसायनांच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचे गुरू केंजळे सर. निवृत्तीला महिना उरलेला, आणि वीस वर्षं एकाच वायूच्या मागे — आयसोब्युटिलीन! रेणू दिसायला साधा, पण रुसलेल्या जावयासारखा! रेणूंनी एकमेकांचे हात धरून लांब साखळी केली की रबर होतं, प्लास्टिक होतं. पहिला हात पुढे करतो त्याला म्हणतात रॅडिकल. पण हा वायू त्याच्या हाती हात देईल तर शपथ! म्हणून सरांनी मध्यस्थ घातला, लिथियमचं एक खास मीठ. आणि नियम कडक — बाटलीतली हवा आधी पंपाने ओढून काढायची. हवा राहिली की साखळी तुटते, असं सगळेच मानतात. "हवा ठेवलीस तर घरी जायचं," असं सरांनी बजावलेलं.

एके दुपारी शर्वाणी पंप लावणार, तोच फोन वाजला. कुणाचा? ह्याच पामराचा! लाडू पोचले का विचारायला! बोलण्याच्या नादात पोरीनं हवा काढलीच नाही, बाटली तशीच बंद केली.

सकाळी बघते तर आत चिकट, घट्ट गोळा! सर टाळ्या पिटायला लागले. तेव्हा कुठे तिला चूक आठवली. सांगितलं तर घरी जावं लागणार. गप्प बसली.

मग सर स्वतः प्रयोगाला बसले. हवा अगदी कसून काढली. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून म्हणाले, "शर्वाणी, माझाच हात आता चालत नाही गं."

तेव्हा पोरीनं सांगून टाकलं, मंडळी. "सर, तुमचा हात चांगला आहे. त्या दिवशी मी हवाच काढली नव्हती."

सर उठले. तिला वाटलं, आता दार दाखवणार! त्यांनी नवी बाटली घेतली, पंप बाजूला सारला आणि म्हणाले, "ये, दोघं मिळून बघू."

दुसऱ्या सकाळी गोळा तयार! त्या मिठाच्या संगतीत हवाच साखळी सुरू करून देत होती — आणि इतकी वर्षं तिलाच हाकलत होते! सर पोट धरून हसले. "चुकलीस ते बरं झालं. पण तीन दिवस म्हाताऱ्याला का छळलंस?"

तेच मी विचारतो. तिच्या गप्प बसण्यापायी एक भला माणूस स्वतःलाच दोष देत बसला. तुमच्या गप्प बसण्यापायी घरात कोण बसलंय तसं? आज जेवायला बसण्याआधी त्याला सांगून टाका.