हर्षाचं नाव मीच काढलं

— हो, मीच काढलं. दुसऱ्या कोनाले काऊन विचारता, ताराचंदभाऊ? पोरगी तुमची, पन मैदानावर पळवतो मी, मंग वर्धेच्या स्पर्धेतून तिचं नाव काढनारा मीच असन ना? — तिथं कोन तपासाले येते म्हनता? नाई येत कोनी. मलेही माहीत हाये. वडनेरच्या या मैदानावर इतक्या वर्षांत तपासनारा सोडा, साधा गवत कापनारा नाई आला. पन पकडनार कोनी नाई म्हनून पळवू का तिले? दुकानात कोनी पाहत नसलं तर तुम्ही काट्यावर बोट ठेवता का? — नका रागावू जी. नाई ठेवत, गावाले माहीत हाये.

अन् उद्या पोरगी पुढं गेली, तिथं लघवी तपासली, मंग? मास्तरांच्या शिबिरात एका मॅडमनं मले दोन-दोनदा समजावलं, अडानी मानूस म्हनून — आंगात सापडलं ते खेळनाऱ्याचं. देनारा बाप होता का मास्तर, ते मागाहून. चार-चार वर्षं घरी बसवतात. पोरगी घरी बसली तर तुम्ही काय करान? पोरगं पाहान तिच्यासाठी. पाहान ना? अन् तुम्ही चारलेलं ते औषध आंगातून कधी जाते, मले कुठं समजते? म्हनून यंदा नाई म्हन्लं.

काय? जिमवाल्यानं देल्ल्या, ताकदीच्या गोळ्या हायेत, सारेच खातात? अजी, सारेच खातात तर सारेच काऊन नाई जिंकून राह्यले? त्या जिमवाल्याले म्हना, या धुऱ्यापासून त्या बाभळीपर्यंत पळून दाखव! माझी हर्षा — तुमची, तुमची हर्षा — वरन-भाकर खाऊन पळते. अनवानी पळे तवापासून पाहून राह्यलो. शेवटच्या वळनावर तिची मान जराशी डावीकडं पडते. तवा समजावं, आता पोरगी सुटली. मधी ते मान कडक झालती. तोंडावर फोड, आवाज घोगरा. मले वाटलं सर्दी हाये. आल्याचा चहा पाजत बसलो, एवढा मी बैताड.

लोक म्हनून राह्यले, बुढ्ढ्यानं पोरीचं वाटोळं केलं. म्हनू द्या. तुम्हीही म्हना, चौकात उभं राहून बोंबला माझ्या नावानं. पन तिच्यावर काऊन चिडता? तिचा काय गुन्हा? आता तुम्ही हातावर ठेवता ते गोळी गुपचूप तोंडात टाकते, बापाचं मन मोडू नये म्हनून, अन् मंग मोरीत जाऊन —

नाई. काई नाई.

म्हन्लं ना, नाव मीच काढलं. ती काऊन म्हनन काढा म्हनून? तिनं मले काईच — असं नका पाहू माझ्याकडं, ताराचंदभाऊ. तिनं आन घातलती मले. बाबाले नका सांगू, म्हने, त्याईले लय वाईट वाटन.

जा आता तुम्ही. जा. — नाई, नाई, घरी नका जाऊ लगेच.