चार फुटांची परवानगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच लालासाहेब, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते मामलेदार खानविलकर साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले कौलकारखान्याचे मॅनेजर, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आयाबहिणींनो,

मी मनुबाई. ग्रामपंचायतीत बायकांच्या दोन जागा आहेत, त्यांतली एक माझी. म्हणून मला बोलायला उभं केलं आहे. काय बोलायचं ते ग्रामसेवकांनी लिहूनही दिलं होतं. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, गोरगरिबांचे कैवारी.’ दोनदा वाचलं. अक्षर सुरेख आहे, पण हे कोणाविषयी लिहिलंय ते कळेना, म्हणून कागद घरीच ठेवून आले.

साहेब उद्या चार्ज देऊन जतला निघाले. त्यांच्या टेबलावर अजून एक कागद आहे. माझ्या अडीच एकरांतून माती काढायला कारखान्याला आणखी तीन वर्षं मुदत मिळावी, असा. साहेबांची शिफारस झाली की तो प्रांतांकडे जाईल, आणि ते रान मला पुन्हा दिसणार नाही. निरोपाच्या दिवशी हे कशाला, असं कोणाला वाटेल. मग कोणत्या दिवशी?

माझे मालक हवालदार सयाजीराव फौजेतून आले तेव्हा ते रान उंचावर होतं. पाटाचं पाणी बांधापर्यंत यायचं, वर चढायचं नाही. त्यांनी हिशेब केला: कारखान्याला चिकणमाती हवी, आपल्याला रान खाली हवं. बहात्तर साली त्यांनी तीन वर्षांची संमती दिली. परवान्यात अट घालून घेतली, की खोदाई चार फुटांच्या खाली नाही, आणि वरची काळी माती बाजूला ठेवून शेवटी परत पसरायची. ती माती त्यांनी स्वतः उभं राहून बांधाकडेला रचून घेतली. उन्हानं मरू नये म्हणून तिच्यावर ताग पेरला. ढिगावर ताग पेरणारा माणूस म्हणून तुम्हीच हसला होतात. संध्याकाळी ते त्या ढिगापाशी बसायचे. “मने, ही माती परत अंथरली की आपलं रान पाण्याखाली आलं बघ.” ते गेले त्याला दीड वर्ष झालं. मी अजून संध्याकाळी तिकडे जाते. ढीग नाही.

तो कुठे गेला? आताच प्रास्ताविकात कचेरीच्या आवारातल्या गुलाबांचं कौतुक झालं. साहेबांनी ओसाड जागी बाग फुलवली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गुलाब चांगलेच येणार की! कारखान्याच्या ट्रकनं तिथे नेऊन टाकलेली ती दीड हात जाडीची काळी माती आमची आहे.

आणि चार फूट? बारा फूट खोदलंय. आता पाटाचं पाणी रानात येतं, पण बाहेर जायचं नाव घेत नाही.

मुदत वाढवायची तर आधी जागा पाहावी लागते. साहेब पाहायला आले होते, खोटं कशाला बोलू. जीप पाटाच्या पुलावर थांबली. तिथे शेजारचे वर्धमानअण्णा ऊस लावायला रान सपाट करत होते. साहेब जीपमधूनच म्हणाले, “वा! कारखान्यानं जमीन छान पूर्ववत केली आहे.”

अण्णा म्हणाले, “साहेब, हे रान माझं हाय. खड्डं फुडं हायत.”

साहेब म्हणाले, “ऊन फार आहे हो.”

झाला पंचनामा. जतच्या लोकांची मला काळजी वाटते. तिकडे ऊन याहून जास्त, आणि पाणी टँकरनं येतं. टँकर भरलेला आहे की रिकामा, हे साहेब बहुधा जीपमधूनच सांगतील.

पंचनाम्यावर पंच म्हणून सही बाळासो भावजींची. भावजी, मान खाली का? तुमच्या गोठ्यावर त्याच आठवड्यात नवी कौलं चढली. लाल आहेत, लांबून दिसतात.

“आवं वहिनी, मला म्हनले जीपमदनंच सही करा, मी केली. खड्ड्याकडं आमी गेलोच न्हाई!”

ऐकलंत? बसा भावजी. तीन वर्षांत गावात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं, तेही चुकून.

अध्यक्ष घड्याळ पाहतात, तर आवरते. मुदतवाढीच्या कागदाला माझ्या मालकांची बहात्तरची संमती जोडली आहे. गेलेल्या माणसाची संमती चालते. जिवंत बाईची हरकत घ्यायला मात्र कचेरीत कोणी नसतं. तीनदा अर्ज घेऊन गेले. दारातला शिपाई म्हणायचा, “साहेब दौऱ्यावर हायती.” तिसऱ्या खेपेला तर आतून साहेबांचाच आवाज आला, “सांग, मी नाही म्हणून.”

आज साहेब आहेत. साऱ्या गावानं पाहिलं आहे.

हा माझा हरकतीचा अर्ज, आणि ही नक्कल. खोदाई थांबवावी, भराव करावा, काळी माती जिथून नेली तिथे आणून टाकावी, एवढंच लिहिलं आहे. बाळासो भावजी आता बोलले तेही शेवटी लिहून त्यांची सही घेणार आहे. साहेबांना शाल मी पांघरवायची असं ठरलंय. पांघरवते. पण शालीत हात अडकतात, म्हणून आधी नकलेवर अर्ज मिळाल्याची पोच द्यावी.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. मी शाळेत गेले नाही. मालक सीमेवर असताना त्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लाज वाटायची, म्हणून अक्षरं शिकले. बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. अर्जात झालेलं नाही.

हा पेन, साहेब. तारीख आजची घाला.