बिनआवाजाची गाडी

...आणि वर तो वर्कशॉपवाला मलाच विचारतो, "सर, गाडी वापरता कशी तुम्ही?" कशी म्हणजे? आत बसतो आणि चालवतो! डोक्यावर घेऊन फिरतो की काय? तुम्हाला सांगतो, माणसानं एक वेळ हत्ती पाळावा, पण जुनी हायब्रीड गाडी पाळू नये. हत्तीला निदान पोट एकच असतं हो! हिला दोन. एक पेट्रोलचं, एक विजेचं. घेताना तो शोरूमवाला काय गोड बोलला होता... "पेट्रोल वाचेल सर, आणि आवाज? आवाज मात्र नाही हं!" भुललो! मागल्या वर्षी हिचा ब्रेकचा पंप गेला, त्याच्या आधी इन्व्हर्टर गार ठेवणारा पंप गेला. वाचलेलं सगळं पेट्रोल त्या दोन पंपांनी पिऊन टाकलं.

आणि मध्यंतरी तर कहर झाला. सासूबाईंकडे निघालो होतो, बायको शेजारी बसलेली, आणि ऐन पुलावर समोर डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला. गाडी उभी! साधी गाडी बंद पडताना कशी आचके देते, खोकते, आपल्याला कळतं की हिचं काहीतरी दुखतंय. ही बया? आवाज मात्र नाही हं! मागून सगळ्या गावाचे भोंगे. बायको म्हणते, "थांबलात कशाला?" म्हटलं, "मी नाही थांबलो, ती थांबली." "मग चालू करा ना!" घ्या! मला सुचलंच नव्हतं!

ओढून नेली वर्कशॉपात. तिथला तो इस्त्रीचा शर्टवाला म्हणतो, "सर, बॅटरी गेलीय. आपण पूर्ण पॅकच बदलून टाकू या." आपण! पैसे द्यायच्या वेळी हा 'आपण' कुठं जातो हो? आकडा सांगत नाही, तुमचं जेवण पचायचंय. पण मीही तयारीत होतो. छाती फुगवून म्हटलं, "वाढीव वॉरंटी आहे माझी! दरवर्षी भरतोय!" त्यानं शांतपणे मागचं दार उघडलं, सीटवरचं कव्हर बाजूनं उचललं आणि म्हणाला, "ही जाळी बघा. बॅटरीला हवा इथून जाते. तुम्ही ती झाकून टाकलीत. इतकी वर्षं गुदमरत होती ती. वॉरंटीत नाही बसणार."

आता हे कव्हर... कसं सांगू? आमची माणसं झाकणारी हो. रिमोटला प्लॅस्टिक, मिक्सरला टोपरं, सोफ्यावर चादर, त्या चादरीवर जुनी चादर. सोफ्याचा खरा रंग कोणता म्हणून विचाराल तर घरात एकाला सांगता यायचं नाही. त्यात सासरे गेल्यापासून सासूबाईंनी शिलाई मशीनला हात लावला नव्हता. ही गाडी नवी होती तेव्हा दाखवायला नेली, तर सीटवरून हात फिरवत म्हणाल्या, "जावईबापू, मळेल हो हे!" आणि बसल्या की मशीनवर! बायकोच्या डोळ्यांत पाणी. गादीएवढं जाड कव्हर शिवलं, दोन्ही बाजूंनी खाली खोचायला पट्टे. "धुळीचा कण आत जायचा नाही बघा!" नाहीच गेला. हवासुद्धा नाही गेली!

घरी आलो तर हिचा पहिला प्रश्न, "कशानं गेली म्हणाले?" काय सांगू? तुझ्या आईनं शिवून शिवून मारली म्हणू? म्हटलं, "वय झालं म्हणाले." "तुम्हीच दामटता तिला." मेहुणा फोनवर वेगळाच, "दाजी, साधी गाडी घ्या म्हणून मी तेव्हाच सांगत होतो!" ऐकून घेतलं. ठेव मोडली, बॅटरी बसवली. माझाही आवाज मात्र नाही हं! तुम्ही म्हणाल, कव्हरला तेवढं भोक पाडायचं. सासूबाईंच्या शिवणाला कात्री? तुम्ही पाडा, मी लांबून बघतो.

मग मी काय केलं, कव्हर काढून डिकीत कोंबलं. पुढच्या खेपेला सासूबाई गाडीत बसल्या. बसताक्षणी सीटवरून हात! "कव्हर कुठंय?" म्हटलं, "धुवायला टाकलंय." त्याच्या पुढच्या खेपेला? धुवायला टाकलंय. तिसऱ्यांदा उतरताना हळूच म्हणाल्या, "जमलं नव्हतं का हो माझं शिवण?" तुम्हाला सांगतो, त्या ठेवीचं एवढं वाईट नव्हतं वाटलं. म्हटलं, "छे छे, आई! सारखं वापरतो, म्हणून सारखं धुवावं लागतं!"

झालं! काल बोलावून घेतलं. मशीनशेजारी नवं कोरं कव्हर, आणि सासूबाईंचा चेहरा असा फुललेला... "हे घ्या. एक धुवायला, एक घालायला! आणि हे आधीच्यापेक्षा जाड केलंय हं!"

म्हणजे आता धुवायला टाकलंय म्हणायचीही सोय गेली. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बायको तर कौतुकानं माझ्याकडेच बघत होती. खोचलं हो मी! माझ्या हातानं, दोन्ही बाजूंनी, जाळीवरून नीट ओढून खोचलं. काय करणार... बॅटरी काय, नवी मिळते.