घासलेली कड

तो फोटो होय? मीच तो, ताई. पोट तेव्हा जरा आत होतं, बाकी मीच. आणि माझ्यामागे ते सहा ओळीने उभे आहेत ना, सगळ्यांना ते कपाटाचे दरवाजे वाटतात — सुताराच्या मागे आणखी काय असणार — पण ते विमानाच्या पंखाचे तुकडे आहेत. खरे नव्हेत, मी केलेले. ते विमान हरवलं नाही का, दोनशे सहा माणसांचं — हां, तेच — त्याच्या शोधासाठी. म्हणून तर गल्लीत मला विमानवाले मिस्त्री म्हणतात. पेपरात आला होता तो फोटो, जावयाने मोठा करून आणला, फ्रेम मात्र माझ्या हातची. आणा तो ड्रॉवर इकडे. उजवीकडे अडकतो ना? लाकूड फुगलंय, दुसरं काही नाही, कडेवरून दोन हात मारले की सुटेल. बसा — त्या स्टुलावर नको, ते एका आजोबांचं आहे, पाचला येतात ते. खुर्चीवर बसा. किती वाजले? चार वीस? रेडिओ बारीक करू का? नको, राहू दे. पाचला बातम्या आहेत, त्या ऐकायच्यात मला. म्हणजे ऐकायच्या नाहीत, पण लागतील तर लागू देत.

तर काय सांगत होतो — अडीच वर्षं झाली त्याला. विमान उडालं, दोन तास खाली बोलत होतं, मग बोलायचं थांबलं. अकरा देशांची जहाजं निघाली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे देश, पण एका नकाशावर डोकी घालून बसले. सापडलं काय? काही नाही. समुद्र केवढा, विमान केवढं. मग दीड वर्षाने कुठल्याशा लांबच्या बेटावर, वाळूत, पंखाचा एक तुकडा मिळाला. फार मोठा नाही, घराच्या दारापेक्षा थोडा मोठा. तुम्ही म्हणाल, मिळाला ना, मग झालं. कसलं झालं? तो वाहत आलेला. कुठून वाहत आला ते कळलं तर विमान कळणार. मग आपल्या इथल्या बाई — बंदराच्या रस्त्याला ती समुद्राचा अभ्यास करणारी संस्था आहे ना, तिथल्या मोठ्या बाई — त्या म्हणाल्या, तसेच सहा तुकडे करू, समुद्रात सोडू, कसे वाहतात ते बघू, आणि तोच हिशेब उलटा लावून त्या तुकड्याच्या मागे मागे जाऊ. त्यांच्याकडे कॉम्प्युटर ढीगभर, पण कॉम्प्युटरला रंधा धरता येतो का? मग आल्या माझ्याकडे. आत प्लायवूड आणि थर्माकोल, वरून फायबरचं अस्तर, लांबी-रुंदी जशीच्या तशी, वजन तंतोतंत. दीड महिना मी दुसरं कामच घेतलं नाही. जेवायला हाक मारली तर आमची ही म्हणायची, विमानातून उतरा आता.

आठ महिने झाले, त्या सहा तुकड्यांनी वाट दाखवली तिकडे जहाजं पाणी विंचरतायत. डोळ्यांत तेल घालून. काही नाही. आज पाचला जाहीर करणार आहेत की शोध थांबला, जहाजं माघारी. सकाळपासून सांगतोय तो रेडिओ — ताई, ते ठेवा खाली. ते. हातातलं. रागावलो नाही हो, पण ठेवा. खेळणी नाहीत ती. बरं, धरलंच आहे तर नीट बघा, दोन्ही बघा. वीतभर लांब, त्याच पंखाची छोटी पिल्लं, गेल्या रविवारी केली. एकाची मागची कड फाटकी, कुत्र्याने चावल्यासारखी. दुसऱ्याची गुळगुळीत. बोट फिरवा. कळला फरक? मागे वखारीत लाकडं भिजवायचा उघडा हौद आहे, मोठा. त्यात दोन्ही एकाच जागेवरून सोडली. वारा होता थोडा. गुळगुळीत पिल्लू सरळ गेलं, समोरच्या भिंतीला लागलं. फाटक्याने काय केलं — एका अंगाने वर उचललं गेलं, वारा धरला, आणि तिरकं जाऊन कोपऱ्यातल्या नळापाशी थांबलं. मला वाटलं योगायोग. पुन्हा सोडली. बारा वेळा सोडली, ताई. बारा वेळा एक भिंतीला, एक नळाला. वखारवाला म्हणाला, मिस्त्री, या वयात होड्या सोडताय? हसलो मी. काय करणार.

आता तुम्ही विचाराल, त्यात काय एवढं. खऱ्या तुकड्याची मागची कड फाटकीच होती. पंखापासून तुटताना कुरतडली गेलेली. बाईंनी मला फोटो दिले, बजावून सांगितलं, मिस्त्री, कड अशीच हवी, जशी आहे तशी. मी केली. चांगलं केलेलं काम आपल्याच हाताने कुऱ्हाडीने बिघडवायचं — तीन दिवस लागले सहा बिघडवायला, आणि एकेका घावाला जीव कसनुसा होत होता. पण केली. अगदी फोटोबरहुकूम. आणि मग — हा तुमचा ड्रॉवर पण काय, इथे आधीच कुणीतरी घासून ठेवलाय, वाकडा — मग मी घासल्या. सहाही. कानस मारली, पुट्टी भरली, पॉलिश पेपर फिरवला. आता कळलं? समुद्रात सोडले ते गुळगुळीत सोडले. ते सरळ गेले. खरा गेला होता तिरका.

सवय, दुसरं काय. चाळीस वर्षं या हातांनी खडबडीत काही दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. तुमचा ड्रॉवर बघितल्यावर पण हात शिवशिवलेच ना? तसंच ते. आणि बाई तेव्हा परदेशात बैठकीला. न्यायला आला त्यांच्या हाताखालचा, टेप लावला, वजन घेतलं, म्हणाला, वा, काय सफाई आहे, आणि सही करून पेट्यांत घातले. त्याला काय ठाऊक कड कशी हवी होती. मलाही कुठे ठाऊक होतं, नुसत्या कडेने एवढा फरक पडेल म्हणून. ठाऊक असतं तर केलं असतं का? नसतं केलं. बहुतेक नसतं केलं.

नाही, आधी नव्हतं ठाऊक. गेल्या गुरुवारी कळलं. बाई आल्या होत्या, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत, चहा घेतला. बारीक झाल्यात फार. म्हणाल्या, मिस्त्री, एक गोष्ट जुळत नाही. खऱ्या तुकड्यावर जे शिंपले चिकटले होते ते कोमट पाण्यातले, आणि आपले सहाही गेले थंड पाण्यातून. तो फाटक्या कडेने वारा धरून तिरका आला असता तर जुळलं असतं, पण आपल्याही कडा तशाच फाटक्या होत्या आणि ते सरळ गेले, म्हणजे गणितात माझंच कुठेतरी चुकलंय. असं म्हणाल्या. माझंच. मी काय बोललो? मी म्हणालो, आणखी चहा घ्या. फोटो त्यांना दिसला नाही. तो तेव्हा भिंतीवर नव्हता, पुसायला काढला होता. पुसायला म्हणजे — त्या येणार म्हणून फोन आला आणि मी काढून आत ठेवला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं म्हणतो ना मी? मग काढला कशाला? बघा, तुम्ही काही विचारत नाही आणि मीच सापडत चाललोय. कडा घासल्यापासून मनात काहीतरी खुपत होतं, ते काय आहे हे गुरुवारी कळलं. असं म्हणा.

चार छत्तीस. आजोबा येतील. टोपीवाले आजोबा म्हणतो आम्ही त्यांना. त्यांची धाकटी मुलगी त्या विमानात होती, दातांची डॉक्टर. तुकडे तयार होत होते तेव्हा कुणाकडून तरी ऐकून आले, आणि तेव्हापासून रोज पाचला येतात, स्टुलावर बसतात, बातम्या ऐकतात, येतो म्हणतात आणि जातात. पहिल्या दिवशी त्यांनी त्या फाटक्या कडेवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढं फाटलं असेल, असं विचारलं मला. मी सुतार माणूस, मी काय सांगणार? कुसळ घुसलं तळव्यात, रक्त आलं, मी चिमट्याने काढलं. ते गेले आणि मला ती कड बघवेना. म्हणून घासली, ताई. सवय-बिवय जाऊ द्या, त्या म्हाताऱ्या हातासाठी घासली. कुणी विचारलं असतं तर हेच सांगणार होतो मी. आठ दिवस तेच घोकतोय, ऐकायला बरं वाटतं. तुम्हालाही वाटलं ना? डोळे भरलेत तुमचे.

नका हो, माझ्यासाठी डोळे भरू नका. आजोबा तेव्हा पहिल्यांदा आले ते सोमवारी. मी कडा घासल्या त्याच आठवड्यातल्या गुरुवारी. मधले तीन दिवस माझी झोप व्यवस्थित, जेवण व्यवस्थित, कड तशीच फाटकी उभी होती समोर. गुरुवारी संध्याकाळी पेपरवाल्याचा फोन आला, उद्या फोटो काढायला येतो म्हणून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाचा फोटो येणार, आणि काम काय, तर चावून टाकल्यासारखं? लोक काय म्हणतील, याला रंधा धरता येत नाही? फोटोसाठी घासल्या मी कडा. आजोबा मला नंतर आठवले, घासून झाल्यावर, आणि मी त्यांना पुढे आणून उभं केलं. बघा त्या फोटोत, जवळ जाऊन बघा. पट्टी लावून आखल्यासारख्या सहा कडा. सगळ्या जगाने बघितला तो फोटो, कुणाच्या लक्षात आलं नाही. कडेकडे कोण बघतं, सगळे माझ्या मिशांकडे बघतात. आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनी पुन्हा हात फिरवला. म्हणाले, आता बरं लागतं हाताला. आभार मानले माझे. रोज पाचला माझ्यासमोर बसतो तो माणूस, ताई, आणि मी त्याला विचारतो, साखर किती घालू.

सांगून टाका म्हणताय? सोपं आहे तुम्हाला, तुम्ही ड्रॉवर घेऊन आलात. मी सांगितलं तर उद्यापासून मी कोण? अकरा देशांची जहाजं आठ महिने भलतीकडे हिंडली ती कुणामुळे? जावई तो फोटो पाहुण्यांना दाखवतो. नात शाळेत सांगते. घरात तर कुणाला गंधही नाही. आणि नाही सांगितलं तर काय — काही नाही. पाच वाजतील, जहाजं वळतील, मी विमानवाले मिस्त्री राहीन, आणि बाई म्हणत राहतील, माझं चुकलं. आणि ती पोरगी तिथेच खाली राहील, जिथे कुणी बघितलंच नाही. किती झाले? सोळा मिनिटं आहेत अजून. सोळा मिनिटांत जहाज थांबवतात का कुणी? मला काय ठाऊक. मला नुसतं लाकूड कळतं.

ते कार्ड द्या हो जरा, फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलंय ते. हां, बाईंचंच. आकडे वाचा मला, चष्मा कुठे ठेवला कोण जाणे. परत वाचा शेवटचे तीन. लागला. वाजतोय.

तुम्ही निघा आता. ड्रॉवर घेऊन जा, नाही, नाही घासला, आज कानस धरवणार नाही मला. अडकू दे थोडे दिवस, दुसरा मिस्त्री बघा. दार उघडंच ठेवा. आजोबा दिसले तर बाहेर थांबवा — नको. येऊ दे आत. स्टूल त्यांचंच आहे. जा म्हटलं ना, ताई, उभ्या काय राहिलात?

हॅलो? बाई, मी मिस्त्री बोलतोय. नाही, विमानवाले नका म्हणू. रेडिओवर सांगायच्या आधी एक ऐका. तुमचं गणित बरोबर आहे. कडा मी घासल्या होत्या.

हो. सहाही.